बोर्डावरचं कुंकू

नाशिक, दसरा १९८६

अंबडला कारखान्यात सगळे सांगत होते, कॉम्प्युटर तयारच घे. मी हट्टानं सुटे भाग आणून घरी जुळवला. परवा तो बंद पडला. माझंच सोल्डरिंग कच्चं असणार. लाजेनं कुणाला सांगितलं नाही.

आज पूजा करताना आईनं त्याच्या उघड्या बोर्डाला हळदकुंकू लावलं. मग बायकोनं बटण दाबलं, तर त्याला जोडलेल्या टीव्हीवर अक्षर उमटेना.

"माझ्या कुंकवानं बिघडला का रे?" आई म्हणाली.

मी मान खाली घालून बोर्ड पुसत बसलो. का बोललो नाही? कुंकू केव्हाच निघालं होतं, तरी पुसत होतो.

नंतर माझ्या सायकलीपाशी ती करंडा घेऊन थांबली. "हिला लावलेलं चालेल ना?"

"लाव," म्हणालो. तेवढंच म्हणालो.