पात्याचा घास

१४ नोव्हेंबर
अर्पिता आमच्याकडे गावी, बोरीला आली. नापास होऊन. दोन इंजिनांचं विमान उडवायची परीक्षा होती. ताकद वाढवताना आधी कोणता दांडा सरकवायचा, तिथेच नात गडबडली. तिचा बाप, आमचा अमर, बजावून बसला आहे — पुन्हा चुकली तर शिकणं बंद, घरी यायचं.

१५ नोव्हेंबर
सकाळभर तिला विचारत बसलो. काय ते यंत्र! मला वाटायचं, पंखा म्हणजे पंखा, फिरला की झालं. तर त्याची पाती उडता उडता बुडाशी वळतात! पातं आडवं असलं की हवेचा लहान घास — इंजिन भरभर पळतं, जमीन सोडताना तेच हवं. तिरपं केलं की मोठा घास, इंजिन सावकाश, लांबच्या वाटेला. मी नेमकं उलटं समजलो होतो! आणि एकदा गती ठरवून दिली की गव्हर्नर ती धरून ठेवतो. "राज्यपाल?" म्हटलं. आल्यापासून पहिल्यांदा हसली. गरगरणारी छोटी वजनं असतात म्हणे. ती तेलाला वाट देतात, तेल पातं वळवतं. आत कोणीच बसलेलं नाही! दिवसभर डोक्यातून जाईना.

१६ नोव्हेंबर
वखर हाणताना आपण हेच करतो की! पास, म्हणजे वखराचं लोखंडी पातं, खोल गेली की बैल मंदावतात. अर्पिताला म्हटलं, "आधी पास उचल, मंग बैल हाक." तिचे डोळे भरले. "आबाजी, पासचं नाव नका काढू." परीक्षेतलं पास समजली बिचारी!
शेतात नेऊन दाखवलं. बराच वेळ रुमणं, म्हणजे वखराची मूठ, धरून चालली. मग आपणच पुटपुटली — वाढवताना आधी पात्याचा दांडा, मग इंजिनाचा. कमी करताना आधी इंजिन, मग पातं. मी म्हटलं, "बैल सावर, मंग पास दाब."
घरी आल्यावर आमच्या मंडळींनी, तुळसाबाईंनी, ऐकवलंच, "एसटीत ओकता तुम्ही, अन् पोरीले इमान शिकवून राह्यले!"

२० नोव्हेंबर
अर्पिता गेली, पुन्हा परीक्षेला. आभाळात घार दिसली तरी मान वर होते.

२ डिसेंबर
तिचा फोन. परीक्षा चालू असताना उजवं इंजिन खरंच बंद पडलं. तिने पात्यांची धार वाऱ्याकडे फिरवली — घासच सोडायचा, नाहीतर मेलेला पंखा विमानाला मागे ओढतो. एका इंजिनावर उतरवलं. सगळे सुखरूप.
अमरने माझ्या हातातून फोन घेतला. निकाल विचारलाच नाही. म्हणाला, "उद्या उडून राह्यली का, बाई?"