दाखल्यावरचं बी.ए.

लातूर, मे १९८५

सरपंचकाका,

पाया पडून लिहितोय, पण डोकं फिरलेलं हाय, हे आधीच सांगतो.

शिपायाच्या मुलाखतीला मी सातवी पास म्हणून गेलो होतो. बी.ए. लपवलं होतं, कारण जादा शिकलेला माणूस टिकत न्हाई म्हणून ते घेत न्हाईत. सगळं जमत आलं होतं. तेवढ्यात साहेबांनी तुम्ही दिलेला वर्तणुकीचा दाखला उघडला. त्यावर 'रामकिशन नरसिंग कांबळे, बी.ए.' असं लिहिलेलं. ग्रामसेवक नको म्हणत होता, तरी तुम्ही हट्टानं ते बी.ए. लिहायला लावलं. पुतण्या घरातला पहिला बी.ए. ना. साहेब हसले आणि कागद परत दिले.

जिल्हा व्हावा म्हणून आम्ही पोरांनी लई घसा फोडला. जिल्हा झाला, हापिसं आली. आता पाच जागांसाठी बाहेर तीस पदवीधर सातवी पास होऊन बसले होते.

म्हणजे उद्या मी पुन्हा दुष्काळी कामावर खडी फोडणार. तिथला पाचवी शिकलेला मुकादम मला 'बी.ए. साहेब' म्हणतो.

माझी गत ऐकून त्या तिसांनी तिथंच बेकार पदवीधरांची संघटना काढली. ज्या पुढाऱ्याच्या जीपमधून जिल्ह्यासाठी घोषणा दिल्या, त्याच जीपपुढं सोमवारी आडवं पडायचंय. अध्यक्ष मलाच केलं. बी.ए. असल्याचा कागद तिथं फक्त माझ्याच खिशात होता.

हे पत्र टाकणार न्हाई. टाकलं, तर मी अध्यक्ष झालो म्हणून तुम्ही ते चावडीवर वाचून दाखवाल.

तुमचा पुतण्या,
रामकिशन
(नावापुढं मुद्दाम काही लिहिलं न्हाई.)