बाबांची कवळी

लंका, वाराणसी
मार्च १९९६

प्रिय यज्ञेश,

एकाच गावात राहून पत्र लिहिते आहे, कारण तुझ्या दारात पाऊल टाकायची इच्छा नाही.

बाबांची कवळी मी माझ्या हाताने केली होती. मागच्या वैशाखात ती बसवली तेव्हा तू किती बारकाईने विचारत होतास! मला वाटलं, पोराला बापाची काळजी आहे. म्हणून नीट समजावलं. हे गुलाबी ॲक्रिलिक दगडासारखं दिसतं, पण पाणी पितं. कित्येक दिवस पीत राहतं, केसभर फुगतं आणि त्याच मापाने हिरडीवर बसतं. सुकलं की आक्रसतं, तापलं तर वाकतं. म्हणून तोंडातून काढली की वाटीत, पाण्यात. बाबा त्यात एकदाही चुकले नाहीत.

तरी कवळी सैल झाली, हिरड्या सोलल्या. मी घासून दिली, पुन्हा तेच. बाबा पेजेवर आले. 'स' म्हणताना शीळ वाजू लागली. गुरुपौर्णिमेला पंचगंगा घाटावरच्या मंदिरात ते वेदपठणाला बसले, कवळी खडखडली आणि लोक हसले. शेजारी तू होतास. घरी आपण मराठी बोलतो, पण सगळ्यांना कळावं म्हणून तू हिंदीत म्हणालास, "बाबा, अब रहने दीजिए." पुढचा मंत्र तू उचललास. त्यांचं आसन तेव्हापासून तुझं.

मी त्यांना माझ्याकडे आणलं. नवी कवळी करायला घेतली, तेवढ्यात तुझी नंदा आली. तुझ्याविरुद्ध कधी शब्द न काढणारी ती बाई माझ्या ओट्यापाशी उभी राहून रडली. दुपारी बाबा आडवे झाले की तू वाटीतली कवळी उचलायचास, लूचे तापलेले वारे वाहत असताना गच्चीच्या कठड्यावर ठेवायचास आणि ते उठायच्या आत परत पाण्यात सोडायचास. तिने विचारलं तेव्हा तू तिला सांगितलंस, म्हाताऱ्याने आणखी किती वर्षं अडवून बसायचं?

बाबा आतल्या खोलीत होते. त्यांनी सगळं ऐकलं. नवी कवळी त्यांनी तोंडात घातलीच नाही. मऊ भातसुद्धा परत पाठवू लागले. मी डॉक्टर असून काही करू शकले नाही.

परवा बाबा गेले. मणिकर्णिकेवर अग्नी मी दिला, राखही गंगेत सोडली. जाण्याआधी त्यांनी मला जवळ बोलावलं होतं. बोळक्या तोंडातले शब्द मला दुसऱ्या खेपेस कळले: "यज्ञेशला आधी कळवू नकोस. सगळं आटोपलं की लिही."

म्हणून आज लिहिते आहे.

तुझीच,
वैदेहीताई