ह्यांची प्रार्थना, मंडळीचं आमेन

४ नोव्हें. ९४, शुक्र., शारजा
सोफा बाल्कनीत ढकलला, चटया पसरल्या आणि आमच्या हॉलचं चर्च झालं. इथली सुट्टी शुक्रवारची, म्हणून आजच मराठीतली पहिली उपासना! मेथडिस्ट घरं मोजकीच, बाकी नगर-जालन्याचे, कुठल्याही पंथाचे. पाळक नाही, म्हणून संदेश ह्यांचाच. प्रार्थना तर संपेचना. दुबईत देरा भागातल्या ट्रेडिंग ऑफिसात असलेला सुभाष म्हणतो, "काका, देवाला सगळं आजच सांगायचं होतं का?" हे सगळ्यात जास्त हसले.

२ फेब्रु. ९६, शुक्र.
हॉल पुरेना. एका मोठ्या चर्चच्या आवारात खोली मिळाली. दीड तास आपला, मग तमिळ मंडळी दारात उभी. सुभाष सेक्रेटरी झाला. नाव ह्यांनीच सुचवलं.

१२ मार्च ९९, शुक्र.
उजव्या बाजूच्या अर्धांगवायूनंतर ह्यांना पहिल्यांदा चर्चला नेलं. हट्टाने प्रार्थनेला उभे राहिले. जीभ जड. "प्रभो, तू..." म्हणून शब्द शोधत थांबले. लोकांना वाटलं झालं. एका सुरात "आमेन!" हे गपकन बसले. चुकूनच झालं, मलाही हसू आलं.

८ ऑक्टो., शुक्र.
आता चुकून नाही. हे अडले की सुभाष आमेन म्हणतो, पाठोपाठ सगळे. आज तर "प्रभो"लाच. मागे पोरी फिसकन हसल्या. लेक म्हणते, "ममा, तमिळ पीपल आर वेटिंग. बी प्रॅक्टिकल." थोबाडीत द्यावीशी वाटली.

१२ ऑक्टो., मंगळ.
सुभाषचा फोन. "काकू, मी थांबवलं की वाईट दिसतं. तुम्ही आमेन म्हटलंत तर काकांना चालेल. नाहीतर त्यांना प्रेयरला उठवणंच बंद. खलास." आवाज कसा, साखरेत घोळलेला. मेला माझ्याच चटईवर बसून मोठा झाला.
हो म्हटलं. निदान उभं तरी राहू देतील.

१५ ऑक्टो., शुक्र.
म्हटलं.
"प्रभो, माझी बायको..." इथवर आले होते. माझ्यासाठी काय मागत होते कोण जाणे. ह्यांनी माझा आवाज ओळखला. वळून माझ्याकडे पाहिलं आणि बसले. सुभाषने मान डोलावली. तमिळ मंडळी वेळेवर आत आली.

१७ ऑक्टो., रवि.
जेवणाआधीची प्रार्थना लग्नापासून ह्यांचीच. आज माझ्याकडे बोट केलं. "तू... कर."
डोळे मिटले. "दयाळू पित्या, ह्यांना..." पुढे काय मागावं, शब्द शोधत मी थांबले.
"आमेन," हे म्हणाले. एकदम स्वच्छ. आणि डाव्या हाताने भात कालवायला लागले.