टाचेला कळलेली जागा

बाबा, आज पवनारच्या माझ्या घरासमोर काँक्रीट पडणार आहे, फाटकापासून पडवीपर्यंत, गाडी उभी करायला. काम तुमच्या धाकट्या लेकाकडेच दिलं. दुसऱ्या कुणाला दिलं असतं तर आईने घर डोक्यावर घेतलं असतं. त्याने आधी काळी माती मांडीइतकी खोल उपसून काढली, कारण आपली ही माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते आणि वरचं काँक्रीट फोडून टाकते. मग मुरमाचा थर, त्यावर पाणी, वरून धुम्मसाचे ठोके, पुन्हा मुरूम. सगळं तुमच्यासारखंच. ते पाहून मला भरून यायला हवं होतं, पण मला त्याचा हेवा वाटला.

तुम्ही बांधलेलं अल्लीपूरचं ते गोदाम आठवतं? मी डबा घेऊन आले आहे. अंगणातला मुरूम ठोकून झालाय. तुम्ही चपला काढता, डोळे मिटता आणि टाचा आपटत चालता. धाकट्याचा हात तुमच्या हातात. "पोकय जागा कुठं हाय, थे टाचीले समजते," तुम्ही त्याला सांगता. मीही चपला काढल्या, तर लगेच, "तू काऊन आली इकडं? जाय, चहा ठेव." मी ठेवला. रागाने साखर घातली नाही. तुम्ही दोघं बोलत बोलत तो तसाच प्यायलात, तुमच्या लक्षातही आलं नाही.

काल संध्याकाळी त्याने माझ्या लेकीला हाताशी धरून तसंच चालवलं.

"डोये मीट. घाई नोको करू."

"मामा, इथं वेगळं लागते."

"हाव, बराबर!" म्हणत त्याने तिथे पुन्हा धुम्मस मारला. मग मला हाक. "ताई, ये ना, तू बी पाय ठेवून पाह्य."

"मले चहा ठेवाचा हाय," मी म्हणाले आणि आत गेले. पोटच्या पोरीवर जळायची वेळ आली माझ्यावर, बाबा.

आज सकाळी सगळे आत असताना मी अनवाणी उतरले. डोळे मिटून चालत गेले. फाटकाच्या उजव्या खांबाशी टाच थबकली. पुन्हा आपटून पाहिली, आवाज बोदाच, पोकळ. मागे नळाचा पाइप टाकताना तिथे याहून खोल चर खणला होता, तो नीट दाबला गेलेला नाही. तुमच्या लेकाकडून सुटलेली जागा मला सापडली, न शिकवता सापडली. मी तिथेच उभी राहून हसले. दाखवायचं होतं ते फक्त तुम्हाला.

तिथे तडा जाणार, माझ्याच दाराशी. येणारा-जाणारा विचारील, काम कोणी केलं? हे ऐकायची मला हौस आहे. मिक्सर गल्लीत वळलाय, धाकटा बाहेर माणसांवर ओरडतोय. खिडकीतून एक हाक मारली तरी काम थांबेल. मी अजून लिहीतच बसले आहे.