सतरा नंबरचा आवाज

दादा,

दूध तापवून ठेवलंय. किल्ली शेजारच्या काकूंकडे आहे. मी मैत्रिणीकडे राहायला जातेय. आईला काय सांगायचं ते तूच ठरव.

तुझ्या पक्षी ओळखायच्या ॲपमधले एकेचाळीस आवाज मी दोन वर्षं पहाटे उठून टिपले, कारण तू म्हणाला होतास, "शाळेतल्या मुलांना फुकट देणार आहे गं." काल त्या सगळ्या आवाजांवर कुलूप दिसलं. वर्षाची वर्गणी भरली, तेव्हा कुठे माझंच रेकॉर्डिंग मला ऐकायला मिळालं. ॲपला किंमत असावी, हे मलाही पटतं. पण मला एकदा विचारायचं तरी होतंस.

ऐकताना माझी एक चूक सापडली. सतरा नंबरचा आवाज बुलबुलाचा नाही, खाटीक पक्ष्याचा आहे. तो दुसऱ्यांची हुबेहूब नक्कल करतो. अगदी शेवटी त्याचा स्वतःचा कर्कश आवाज येतो. तेव्हा मी फसले. तुला सांगणार नव्हते, पण लोक आता पैसे मोजून ऐकताहेत. त्यांना खोटं कशाला? नाव बदल.

रेकॉर्डर मी नेतेय. बेचाळिसावा आवाज तू स्वतः पहाटे उठून टिप.

तुझी बिनपगारी पक्षीतज्ज्ञ