नव्या दोरीवर जुने बाण

मी, खाली सही करणारी, वय वर्षे बहात्तर, अविवाहित, क्रीडासाहित्याच्या कारखान्यातील तपासणी विभागातून निवृत्त, हे माझे पहिले आणि शेवटचे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. डोके ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत आहे. त्यांनी मला शंभरातून सात-सात वजा करायला लावले. मी दोनपर्यंत पोचले आणि वाटेत त्यांचीच एक चूक दाखवली. माझ्यावर कोणाचाही दबाव नाही. तसा दबाव आणणारा माणूस आमच्या घरात अजून जन्माला यायचा आहे.

कलम १. राहत्या दोन खोल्या धाकट्या भावाला. तो मैदानावर मुलींना तिरंदाजी शिकवतो, म्हणून सगळे त्याला मास्तर म्हणतात. खोल्या त्याच्या लायकीमुळे नव्हे, नात्यामुळे देत आहे. न्हाणीघरातला गळका नळ त्याने ‘उद्या बघतो, ताई’ म्हणत अकरा वर्षे तसाच ठेवला. आता तो नळ त्याचाच.

कलम २. बँकेत जे असेल ते माझ्या कॉन्व्हेंट शाळेच्या वाचनालयाला. तिथे सिस्टरांचा नियम होता: वहीत शाईचा डाग पडला तर स्वतःहून उभे राहून सांगायचे. बाकीच्या मुली रोज उभ्या राहत. दहा वर्षांत मी एकदाही उभी राहिले नाही, आणि त्याचा मला फार गर्व होता. हे वाक्य पुढे लागणार आहे.

कलम ३. कारखान्यातील साहेब हयात असल्यास त्यांना काहीही नाही. “सरळ दिसतोय ना? मग पास करा,” असे ते प्रत्येक बाणाबद्दल म्हणत. “दिसायला सगळेच सरळ असतात, साहेब. सोडल्यावर कळतात,” असे मी प्रत्येक वेळी म्हणत असे. त्यांनी माझी बढती दोनदा अडवली. मी त्यांचे बाण शेकड्यांनी परत पाठवले.

कलम ४. बाण तपासायची माझी फळी भाचीला, म्हणजे मास्तरच्या मुलीला. फळीवर दोन खुंट्या आहेत. बाण त्यांवर आडवा ठेवायचा, मधोमध वजन टांगायचे, किती वाकला ते काटा दाखवतो. कमी वाकला तो कडक, जास्त वाकला तो नरम. काट्याला तेल घालू नये, तो खोटे बोलू लागतो.

कलम ५. माझे लाकडी धनुष्य, जे भाची चाचणीपर्यंत वापरत होती, तेही तिलाच. मास्तरला वाटत असेल की ते त्याला मिळेल. का मिळणार नाही हे त्याने बसून वाचावे.

सुटलेला बाण सरळ निघत नाही. दोरी त्याला मागून ढकलते, तो वाकतो, धनुष्याला वळसा घालतो आणि पुढे जाऊन सावरतो. किती वाकेल हे दोरीवरही ठरते. थोडी ताणली जाणारी दोरी धक्क्यातला काही भाग स्वतःकडे ठेवते. न ताणणारी सगळाच बाणाला देते. म्हणून तशा दोरीला कडक बाण लागतो. नरम बाण तिच्यावर जास्त वाकतो आणि उजव्या हाताने सोडणाऱ्याचा उजवीकडे जातो. हे मास्तरला माहीत आहे. माहीत नव्हते ते एवढेच, की दोरी बदलली होती.

भाचीची दोरी मी वळत असे. पॉलिस्टरचे चौदा पदर, मेण आणि अख्खी दुपार. सात वर्षांपूर्वी माझी बोटे मिटेनाशी झाली. तिच्या निवड चाचणीला दीड महिना होता. मी दुकानातून नव्या धाग्याची तयार दोरी आणली, न ताणणारी. ती बारीक दिसू नये म्हणून मध्ये जास्तीचा दोरा गुंडाळला आणि वरून माझे जुने तपकिरी मेण चोळले.

“आत्या, तूच वळलीस ना?”

“मग काय शेजारणीने?”

बाण तिचे जुनेच होते, जुन्या दोरीशी जुळवलेले. तीस वर्षे लोकांचे बाण परत पाठवणाऱ्या बाईने ते फळीवर ठेवले नाहीत. ठेवले असते तर दोरी नवी आहे हे स्वतःशी तरी कबूल करावे लागले असते.

पहिल्या दिवसापासून बाण वीतभर उजवीकडे. मास्तर ओरडत असे, “बोटं सोड! ओढू नकोस!”

“सोडतेय, बाबा.”

“मग बाण काय रुसून तिकडे गेला?”

त्याने तिचे पाय बदलले, खांदा बदलला, बोटांना पट्ट्या गुंडाळल्या. दहाव्या दिवशी मी मैदानावर गेले. तिसऱ्याच बाणाला मला कळले. बाणाचे शेपूट हेलकावत होते. मास्तर माझ्याकडे वळला. “ताई, तूच सांग. हातच खराब आहे ना हिचा?”

भाची माझ्याकडे बघत होती.

मी म्हणाले, “सराव हवा.”

चाचणीत तिची निवड झाली नाही. घरी येऊन तिने दोरी ओढताना बोटांवर घालायचे चामडे माझ्या टेबलावर ठेवले आणि म्हणाली, “आत्या, माझ्या हातात नाहीच ते.” आता ती दुसऱ्या शहरात चष्म्याच्या दुकानात काचा घासते. दुकानदार म्हणतो, असा स्थिर हात त्याने पाहिलेला नाही.

मी चार वेळा फोन केला. “हां आत्या, बोल ना,” असे ती म्हणते. मी विचारते, “जेवलीस का?” तिला वाटते, आत्याला एकटे वाटते.

सिस्टर, मी उभी राहत आहे.

कलम ६. धनुष्यासोबत तिला दोन दोऱ्या मिळतील: मी वळलेली शेवटची जुनी आणि ती फसवी नवी. जुने आठ बाण आणि फळीवर निवडलेले आठ कडक बाणही मिळतील. नव्या दोरीवर आधी जुने सोडावेत, मग कडक. एकाच सकाळी, वारा नसताना. मास्तरने शेजारी उभे राहावे आणि तोंड उघडू नये.

तिने हे करायलाच हवे असे कलम मला घालायचे होते. वकील म्हणाले, “बाई, वस्तू देता येते. ती वापरायला लावता येत नाही.” म्हणून ही विनंती समजावी. माझ्या हातात दुसरे काही उरलेले नाही.

साक्षीदार: १. खालच्या मजल्यावरचे घड्याळजी. २. कोपऱ्यावरची औषधवाली. हिने सगळे वाचले, वाचायचे नसताना, आणि म्हणाली, “आजी, फोन समोर आहे. आत्ताच सांगा की.” मी म्हणाले, “तू सही कर.” तिने केली.

ठिकाण: खिडकीजवळचे माझे कामाचे टेबल.
दिनांक: डॉक्टरांच्या दाखल्यावर आहे तोच, मंगळवार.

सही वाकडी आली असली तरी माझीच आहे, हे दोन्ही साक्षीदारांनी पाहिले आहे. हात माझा बिघडला आहे. तिचा कधीच नव्हता.